तालमीचा उंबरा

रत्नप्रभा चिडली की मराठीचं व्याकरण सोडते, असं तिचा नाशिककर नवरा संजीव म्हणायचा. खरं म्हणजे ती सोडत नव्हती, कोल्हापूरचं व्याकरण धरत होती. तिकडच्या बायका ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात, आणि दोह्यात फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं काढूनही तिचं ते गेलं नव्हतं. मित्रमंडळी जमली की संजीव हमखास म्हणायचा, “आमचे हे आले बरं का ऑफिसातून!” ती डोळे वटारायची आणि चहा टाकायला आत जायची.

पण बोलण्यात पुरुष होऊन उपयोग काय? कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. कुस्तीच्या तालमींनीच पेठापेठांतून संघ उभे केले. रत्नप्रभाचा बाप असल्याच एका तालमीचा गोलकीपर. लहानपणी ती त्याचे बूट घेऊन जायची आणि उंबऱ्यावर अडायची. आत लाल माती, मारुतीची तसबीर, आणि बाईमाणसाला पाऊल टाकायला बंदी. “तिथंच थांब गं पोरी!” आतून कुणीतरी ओरडायचं. त्या ओरडण्याचा राग तिला चाळिशीतही जसाच्या तसा होता.

दोह्यात ती एका तुर्की बांधकाम कंपनीत कामगारांच्या कॅम्पचं ॲडमिन बघायची. वर्ल्ड कपसाठी रस्ते, पूल बांधणं चालू होतं, सगळीकडे धूळच धूळ होती. तिचा मॅनेजर जेवदेत बे, म्हणजे जेवदेत साहेब, हा इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबचा वेडा भक्त. केबिनच्या भिंतीवर कुटुंबाचा फोटो नंतर, आधी काळापांढरा मफलर.

एकदा चहा पिताना त्याने क्लबचा जन्म सांगितला. सुलतानाच्या राज्यात चार माणसं जमली तरी संशय यायचा, आणि फुटबॉल तर चोरून खेळायची गोष्ट. बेशिक्ताश मोहल्ल्यातली पोरं एका हवेलीच्या बागेत जमून कुस्ती करायची, वजनं उचलायची. एक दिवस शिपाई येऊन थडकले. पोरं म्हणाली, आम्ही फुटबॉल खेळत नाही, व्यायाम करतो. म्हणून सुटली. क्लब आधी व्यायामाचा झाला, फुटबॉल मागून आला. हे सांगताना जेवदेत बेचा हात आपोआप मफलरकडे गेला.

“अहो, ही तर आमची तालीम!” रत्नप्रभा इंग्रजी विसरून ओरडली.

“तालिम?” तो चमकला. तुर्कीतही तालिम म्हणजे कवायत, सराव. दोघं लहान मुलांसारखी हसली. त्याच आठवड्यात त्याने कामगारांच्या संघाला काळेपांढरे टीशर्ट दिले आणि छातीवर नाव घातलं, ‘तालिम’. कॅम्पमागच्या मोकळ्या जागेत पाइपांचे गोल उभे राहिले. आठवडाभर सळया बांधून बांधून वाकलेली माणसं शुक्रवारी संध्याकाळी तिथे ताठ व्हायची. त्यांचं म्हणून तेवढंच होतं.

मग गोलकीपरचा पाय मोडला. जेवदेत बेने फर्मान काढलं: फुटबॉल बंद. माणूस जायबंदी झाला की काम अडतं. रत्नप्रभा भांडली, पुन्हा भांडली. तो “खलास, रत्ना हानिम” एवढंच म्हणाला. हानिम म्हणजे बाई. गोड शब्दात दार बंद करायची ही जुनी रीत तिला चांगली ठाऊक होती.

पुढे इस्तंबूलहून हुकूम आला. वर्ल्ड कप जवळ येतोय, आपले कामगार फुटबॉलवर किती प्रेम करतात त्याचा व्हिडिओ हवा. जेवदेत बे तिला म्हणाला, “संघाला टीशर्ट घालून उभं करा. हातात बॉल द्या. हसायला सांगा. खेळ मात्र नको.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळायला बंदी आणि मिरवायला संघ! असल्या निलाजरेपणाला काय म्हणावं?

शुक्रवारी कॅमेरा लागला. माणसं रांगेत हसली. कॅप्टन नसरुद्दीन बॉल छातीशी धरून हळूच म्हणाला, “मॅडम, एक बार खेलें?”

रत्नप्रभाने त्याच्या हातातला बॉल घेतला आणि मैदानात भिरकावला. संघ त्यामागे धावला.

“नो फुटबॉल!” जेवदेत बे ओरडला.

“फुटबॉल नाही, सर. तालिम. व्यायाम चाललाय.”

त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याला कळायचं ते कळलं होतं. “तो सुलतान होता, रत्ना हानिम,” तो म्हणाला.

“आणि इथं तुम्ही आहात.”

तो पाठ फिरवून बाजूला झाला. कॅमेरावाला मात्र चित्रण करतच होता.

दोन बाजू पडल्या. एका गोलात कुणीच नव्हतं. गोलकीपर कुबड्या घेऊन कडेला बसला होता. रत्नप्रभाने चपला काढल्या. फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघेपाशी तिचा पाय क्षणभर थबकला. “मी उभा राहतो,” ती म्हणाली. ते तिथे कुणालाही समजलं नाही, आणि “थांब” म्हणून कुणी ओरडलंही नाही. ती रेघ ओलांडून गोलात गेली.

रविवारी तिथले पाइप उपटून नेलेले होते. जागेवर कंटेनर आणून ठेवले होते, आणि तिच्या टेबलावर ताकीद होती. केबिनच्या भिंतीवर मफलर होता तसाच होता. तिने ताकीद वाचली, सही केली, आणि रागाने कागद ट्रेमध्ये आपटला.

पण त्या शुक्रवारी ती घरी आली तेव्हा पाय घोट्यापर्यंत वाळूने माखले होते आणि तळहात लाल झाले होते. संजीवने दार उघडलं. “कुठे होतीस? हे काय?”

“खेळलो,” ती म्हणाली. “मी आज खेळलो, संजीव.”

या वेळी तो हसला नाही. बाजूला सरकून त्याने तिला वाट दिली, आणि चहा टाकायला तो आत गेला.