‘फायनलला आलोय’

हिंजवडीत कंपन्यांना गाड्या पुरवण्याचा माझा धंदा आहे. धंदा कसला, दिवसभर फोनवर थापा मारायच्या. गाडी माण गावातल्या आमच्या वस्तीवरून निघालेलीही नसते, ड्रायव्हर आंघोळ करत असतो, आणि मी कंपनीच्या ताईंना सांगत असतो, “मॅडम, आलीच. वळणावर आहे.” त्यांनाही ठाऊक असतं की वळणावर काही नाही. त्या पुढं कळवतात, “गाडी गेटवर आहे.” अशी एकाच गाडीची तीन ठिकाणं एकाच वेळी असतात, आणि या अख्ख्या पट्ट्यात कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

अशा माणसानं विमान शिकू नये. पण गावच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्यापासून आमच्यातल्या प्रत्येकाला काही ना काही शौक लागला. एकानं बैल ठेवले, एकानं जिम काढली. मी म्हटलं, आपण रस्त्याच्या वरूनच जाऊ. पंचेचाळिशी उलटल्यावर एका फ्लाइंग क्लबात नाव घातलं. गावात फलक लागला, त्यावर माझा गॉगलमधला फोटो. तेव्हा मी विमानाचं दारही नीट लावत नव्हतो.

क्लबला मोठ्या विमानतळासारखा वरून हुकूम देणारा टॉवर नव्हता. एक धावपट्टी, एक शेड, दोन चिमुकली विमानं. उतरायच्या आधी पट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची. पट्टीला समांतर जाणारी बाजू डाउनविंड, मग दोन वळणं, आणि पट्टीच्या नाकासमोर आलं की फायनल. जो तो आपण कुठं आहोत ते रेडिओवर बोलून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा. हवाई दलातून निवृत्त झालेले आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “वर सिग्नल नाही, पोलीस नाही. फक्त शब्द आहे.” मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तरबेज.

माझ्याबरोबर संत तुकाराम नगरची एक मुलगी शिकत होती. वडिलांनी तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेली. मी शौकाला यायचो, तिला त्यात नोकरी करायची होती. सोमवारी तिची लायसन्सची उड्डाण परीक्षा होती, आणि त्या शनिवारी सकाळी शेवटचा सराव.

आम्ही दोघं आपापल्या विमानात एकेकटे वर होतो. ती डाउनविंडला, माझ्या पुढं, जरा बाहेरच्या बाजूनं. मी मागून आतल्या अंगानं घुसलो, जसा भूमकर चौकातल्या गर्दीत घुसतो तसा. मला साडेअकराला एका साखरपुड्याला पोचायचं होतं. म्हटलं, हिच्या मागं कोण थांबणार. बटण दाबलं आणि सवयीनं बोलून मोकळा झालो, “फायनलला आलोय.”

होतो कुठं? डाउनविंडवरच! तिच्या डाव्या खांद्यामागं.

तिनं ऐकलं, माझ्यावर विश्वास ठेवला, मी पुढं खाली उतरतोय असं धरलं आणि शिस्तीत डावीकडं वळली. थेट माझ्या नाकावर. वळताना तिचा डावा पंख खाली झुकला, त्याच्याआड मी तिला दिसणंच शक्य नव्हतं. मला मात्र तिच्या चाकाच्या टायरवरच्या खाचा दिसल्या.

शूर माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी हॉर्न शोधला. विमानाला हॉर्न! अंगठ्याला सापडलं रेडिओचं बटण, आणि सगळ्या क्लबानं माझा आवाज ऐकला, “ए! दिसत न्हाई का गं!” तेवढ्यात हातानं, माझ्या अकलेची वाट न बघता, उजवीकडं झोक घेतला आणि मी तिच्या शेपटीमागून निसटलो. मग एवढी लांब फेरी मारली की साखरपुडा तिथंच बुडाला.

सर शेडबाहेर उभे होते. त्यांनी खालून पाहिलं ते एवढंच, की तिनं माझ्यासमोर वळण घेतलं. आमची विमानं थांबताच ते तिला म्हणाले, “वळण्याआधी बघत नाहीस? सोमवारची परीक्षा विसर. पुन्हा माझ्याबरोबर बसायचं.”

ती म्हणाली, “सर, काका फायनलला आलोय म्हणाले. मी त्यांना पुढं शोधत होते.”

सर माझ्याकडं वळले. “होतात का हो फायनलला?”

“हो सर,” मी म्हणालो. घसा साफ, नजर सरळ. एवढी सराईत थाप की मलाही पट्टी समोर दिसली.

“काका,” ती म्हणाली, “मग तुम्ही माझ्या मागून कसे आलात?”

 सरांनी माझा शब्द मानून तिचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, उघडलं, पेनाचं टोपण काढलं, आणि तारीख लिहिली. पुढची ओळ लिहायला हात टेकला, तेव्हा माझ्या तोंडून गावची भाषा बाहेर पडली. “न्हाई सर. मी तवा डाउनविंडलाच हुतो. आधी नंबर लागावा म्हणून बोललो.”

 मग सरांनी टोपण लावलं. “सोमवारी परीक्षा दे,” ते तिला म्हणाले. मला म्हणाले, “शेठ, तुमचं एकट्यानं उडणं आजपासून बंद. पहिल्या धड्यापासून या. यायचं असेल तर.”

मला वाटलं, ती आता आभार मानेल. बघा, किती बेशरम! ती लॉगबुक उचलत म्हणाली, “काका, सरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगायचं होतं.” आणि गेली.

सोमवारी मी सरांना फोन केला.

“झाली पास,” ते म्हणाले. “परीक्षक खूश होते. रेडिओवर दुसऱ्या विमानानं आपली जागा सांगितली, तरी स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत ही वळली नाही. चांगली सवय आहे.”

मी “हो सर” म्हणालो. सवय चांगलीच आहे. पण शनिवारी सकाळपर्यंत त्या मुलीला माणसाचा शब्द पुरत होता.