पेटीची किल्ली

विम्याच्या ऑफिसात मी दावे तपासते. माणूस खरोखर गेला का, गेला तर कशानं गेला, फॉर्मवरची सही त्याचीच का, हे सगळं मी कागदावरून ठरवते. या कामात वीस वर्षं काढली की माणूस प्रसादाच्या पुडीवरसुद्धा तारीख शोधायला लागतो. त्यामुळे उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या, माझ्या मुलीच्या शाळेत पालकांची सभा झाली आणि प्राचार्या मॅडमनी शाळेच्या समितीसाठी स्वतःहून माझं नाव सुचवलं, तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. एवढ्या पालकांत मीच का?

"आई, तू एकही मीटिंग सोडत नाहीस ना, म्हणून," मुलगी म्हणाली. ती दहावीत होती आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून त्याच समितीवर निवडून आली होती. तिला मुलांनी हात वर करून निवडलं होतं, मला मॅडमनी. मॅडमना गरीब गाय हवी असेल तर त्यांनी चुकीच्या गोठ्यात हात घातलाय, असं मी मनात म्हटलं.

पहिल्याच बैठकीत मुलीनं एक पेटी मागितली. मुलांना काही सांगायचं असेल तर नाव न घालता चिठ्ठी टाकायची. "बच्चे सामने बोलने में डरते हैं, मैडम," ती म्हणाली. मॅडम लगेच हो म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या की पेटीची किल्ली शाळेकडे नको, पालकांकडे राहू दे, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको. किल्ली माझ्याकडे आली. दर शनिवारी मी पेटी उघडायची, चिठ्ठ्यांतला मजकूर एका कागदावर उतरवायचा आणि महिन्याच्या बैठकीत वाचायचा.

मुलगी प्रत्येक वर्गात जाऊन सांगून आली की लिहिणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही, याची जबाबदारी ती स्वतः घेते. घरी आल्यावर मला बजावलं, "आई, मी सगळ्यांना वचन दिलंय. तुझ्या भरोशावर." मी किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली आणि म्हटलं, अगं, माझ्याइतकं पक्कं माणूस तुला उज्जैनात मिळायचं नाही.

पेटी लागली ती नेमकी प्राचार्यांच्या खोलीसमोर. हे मला मुळीच आवडलं नाही. कोण चिठ्ठी टाकतंय हे खुर्चीत बसल्या बसल्या दिसावं, म्हणूनच तिथे लावली असणार. मॅडम म्हणाल्या, बाकी सगळ्या भिंतींना ओल आहे. मी सगळ्या भिंतींना हात लावून पाहिला. ओल होती.

पहिल्या शनिवारी पेटी गच्च भरली होती. पाण्याच्या टाकीत शेवाळ आहे. गणिताचे सर फळ्याशीच बोलतात. एक चिठ्ठी मात्र मी दोनदा वाचली. वरच्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं, चाबी मागायला स्टाफरूममध्ये सगळ्या सरांसमोर जावं लागतं, म्हणून बऱ्याच मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, असं तिच्यात लिहिलं होतं. जांभळी शाई, आणि अनुस्वाराच्या जागी टिंबाऐवजी छोटं गोल भोक.

पोरीचं धाडस पाहून मला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझे हातही शिवशिवले. घरी मी मुलीसमोर चिठ्ठी धरली. "हे कोणाचं अक्षर गं?"

"मला माहीत असलं तरी सांगणार नाही. आणि तू पण शोधू नकोस."

"मी कुठे कोणाला सांगणार आहे?"

"आई, प्लीज."

मी गप्प बसले, डोळे काही गप्प बसले नाहीत. चार दिवसांनी तिच्या टेबलावर मैत्रिणीची मागून आणलेली विज्ञानाची वही दिसली. उघडली तर पानभर गोल भोकांचे अनुस्वार. ऑफिसात एखादी खोटी सही पकडली की होतो तसा आनंद मला झाला. वही होती तशी ठेवून दिली.

बैठकीत मी चिठ्ठ्या वाचल्या. बाथरूमचं कुलूप मॅडमनी दुसऱ्याच दिवशी काढायला लावलं. कोणीही म्हटलं असतं, चला, काम झालं. मी म्हटलं, इतक्या लवकर? दाल में कुछ काला है.

त्याच आठवड्यात टावर चौकात भाजी घेताना त्या वहीवाल्या मुलीची आई भेटली. शाळेच्या फाटकापाशी आमची ओळख झालेली. भल्या मनानं, आणि आपली हुशारीही जराशी मिरवायला, मी म्हणाले, "भाभी, आपकी बिटिया ने तो बड़ी हिम्मत दिखाई. उसी की चिट्ठी से बाथरूम का ताला खुला."

"कौन सी चिट्ठी?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, अगदी कौतुकानं. त्यांनी कोथिंबिरीची जुडी परत टोपलीत टाकली, घाई आहे म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाई जरा तुटकच दिसते, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या शनिवारी पेटीत दोन चिठ्ठ्या निघाल्या. पुढच्या शनिवारी एकही नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही.

मग माझं डोकं जोरात चालू झालं. बाथरूमचं कुलूप निघालं ते मॅडमच्या मनाविरुद्ध, आता त्या चिठ्ठ्या काढून घेत असणार. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असणार. मी पेटीच्या कुलपाच्या भोकात कापसाचा बोळा घालून ठेवला. आठवड्यानं पाहिलं तर कापूस जसाच्या तसा, आणि पेटी रिकामीच. पण हुशार माणूस कापूस काढून परत घालू शकत नाही का? घरी मी मुलीला रोज विचारत होते, मॅडमना पेटीजवळ पाहिलंस का? ती "नाही" एवढंच म्हणायची आणि अभ्यासाला बसायची. तिचं जेवणही कमी झालं होतं. दहावीचं टेन्शन, दुसरं काय, असं मी धरून चालले.

श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात महाकालाची सवारी निघते, म्हणून सोमवारी सुट्टी आणि रविवारी शाळा. तशा एका रविवारी बैठक ठेवली होती. दोन शिक्षक, चार पालक, तीन मुलं आणि मॅडम. मी तयारीनं गेले होते. उभी राहिले आणि म्हणाले, "पेटी के साथ छेड़छाड़ हो रही है. तीन शनिवार से एक चिट्ठी नहीं."

"आपको किस पर शक है?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"जिनका कमरा पेटी के सामने है, उन पर."

मॅडमचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात माझी मुलगी उठली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैडम, पेटी किसी ने नहीं खोली. चिट्ठियाँ हमने ही डालनी बंद कर दी हैं."

"क्यों, बेटा?"

"एक लड़की की चिट्ठी की बात उसके घर पहुँच गई. उसके पापा ने कहा, ऐसी बातें लिखते शरम नहीं आती? हफ्ता भर स्कूल नहीं भेजा. अब सब मुझसे कहते हैं कि तू झूठी है."

"किसने पहुँचाई?"

मुलगी म्हणाली, "नाम नहीं बताऊँगी. मैंने वचन दिया है, नाम किसी का बाहर नहीं जाएगा. बस चाबी बदल दीजिए."

कोथिंबिरीची जुडी माझ्या डोळ्यांसमोर आली. महिनाभर पोरगी हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवत होती, आणि मी तिला विचारत होते, मॅडम दिसल्या का. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली मी, आणि ज्या वचनाची मी माती केली, त्याच वचनाखाली माझ्या मुलीनं माझंही नाव झाकलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मैंने पहुँचाई," मी म्हणाले. "मैडम, आपसे माफ़ी माँगती हूँ." जुडग्यातून किल्ली निघता निघेना, माझं नखही तुटलं. शेवटी निघाली, ती मी मुलीसमोर ठेवली. समितीनं ठरवलं की यापुढे किल्ली विद्यार्थ्यांकडे राहील. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, पण घर येईपर्यंत बाहेर बघत होती.

पुढच्या शनिवारच्या आधी मी ऑफिसला जाता जाता शाळेत शिरले आणि पेटीत एक चिठ्ठी टाकली. त्या मुलीसाठी. तुझं नाव मी फोडलं, तुझ्या आईवडिलांना येऊन भेटायची माझी तयारी आहे, तू हो म्हणालीस तरच येईन, असं लिहिलं. खाली नाव घातलं नाही, पण अक्षरही बदललं नाही.

शनिवारी मुलगी घरी आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले. मला राहवेना. "पेटी उघडली का गं? किती निघाल्या?"

"आई, ते सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या ताटाशेजारी आपलं ताट घेऊन बसली. माझं अक्षर ती बालवाडीपासून ओळखते.