मिशीवाल्यांचा खोटा मासा

चाळीस वर्षं त्यांनी नाटकांसाठी मिश्या बांधल्या, म्हणून सगळे त्यांना मिशीवालेच म्हणत. स्वतःचा चेहरा मात्र कायम गुळगुळीत. राजाची ऐटदार मिशी, कारकुनाची पडेल, खलनायकाची टोकं वळवलेली. सगळ्या जाळीवर एकेक केस ओवून केलेल्या. मग कंपनीत डबीतल्या तयार मिश्या आल्या आणि टाळ्यांच्या गजरात त्यांना घरी बसवण्यात आलं. पुढे वर्षभर ते सोन्यासारखे हात मांडीवर नुसते पडून होते.

अखेर मेहुण्याने त्यांना तळ्यावर नेलं. मेहुणा निवृत्त पोस्टमन. त्याच्या डब्यात गळ लावलेले प्लॅस्टिकचे मासे, पत्रं लावावीत तसे ओळीने लावलेले. मिशीवाल्यांनी एक उलटासुलटा करून पाहिला आणि नाक मुरडलं. म्हणाले, यात जीव नाही, मी घरी बांधतो. मेहुणाही इरेला पेटला. रविवारपर्यंत घरच्या माशाला काही लागलं नाही तर भाऊजींनी मुकाट्याने प्लॅस्टिक वापरायचं, असं ठरलं. मिशीवाल्यांना हरण्याचं काही वाटत नव्हतं. आपल्या बोटांत अजून काही उरलंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

टेबलाच्या कडेला छोटी लोखंडी पकड आवळून त्यांनी तिच्यात गळ धरला. मेण लावलेल्या दोऱ्याने शेपटीला राणीच्या मुकुटातलं पांढरं पीस बांधलं, अंगाला खलनायकाच्या मिशीचे उरलेले केस, वर सोनेरी जर, गळ्याशी लाल पिसांची झालर. डोळे टपोरे, काजळाची रेघ ओढलेले. गाठीवर बायकोचं नेलपॉलिश. दूर धरून पाहिला, तर विंगेतून प्रवेश घेणारा नटच.

गुरुवारी तळ्यातल्या माशांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शनिवारी तर तो पाण्यात पडला की पळत सुटायचे. घरी येऊन मिशीवाले गुपचूप कात्री-दोरा कपाटात ठेवायला निघाले, तेव्हा बायकोने तो खोटा मासा उचलून पाण्याच्या पेल्यात सोडला. ती तीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसलेली. कुठल्या खुर्चीवरून काय दिसतं, हे तिला तोंडपाठ.

"अहो, हा तुम्ही शेवटच्या रांगेसाठी सजवलाय," ती म्हणाली. "मासा तर पहिल्या रांगेत बसलाय."

ते पेल्याकडे बघत राहिले. झालर फुगून तिचा फ्लॉवरचा गड्डा झाला होता. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. लगेच कात्री चालली. झालर गेली, जर निम्मी झाली, केस विरळ झाले, डोळे मोहरीएवढे राहिले. आता पेल्यात हलवला की तो नुसता लवलवायचा.

रविवारी सकाळी त्यांनी तो पाणगवताच्या कडेला टाकला. दोन झटके, जरा दम, पुन्हा एक झटका. गळाचं नायलॉनचं तंगूस ताणलं, काठी वाकली आणि हाताला धडपड जाणवली. मासा वीतभर होता. पुढे ते सांगत तेवढा तर मुळीच नव्हता. पण त्याच्या ओठात खलनायकाची मिशी झकास शोभत होती.

मेहुण्याने आपल्या तंगुसावरचा प्लॅस्टिकचा मासा कापून काढला.

"भाऊजी, मला दोन बांधून द्या," तो म्हणाला. "आणि पोस्टातले माझे मित्रही मागतील, आधीच सांगतो."

मिशीवाल्यांनी ओली बोटं सदऱ्याला पुसली.

"केस काळे हवेत, की करडे?"