घरी विचारून झालेला राजा

कापूस वेचून घरी आलं की पदराला, बाहीला, केसांना कापूस चिकटलेला असतोच. कितीही झटका, दोन दिवसांनी कुठल्या तरी शिवणीतून एक पुंजका निघतो. वगाच्या तालमीचंही तसंच झालं. वग झाला जेमतेम तासाभराचा, पण किस्से अजून निघूनच राहिलेत. वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावते, फळ्याकडे तोंड करते आणि एकटीच हसते. पोरं घरी जाऊन सांगतात, "मॅडमले काईतरी झालं."

तर ऐका.

आमचं गाव आदिलाबादकडचं, जैनथ मंडळातलं; मंडळ म्हणजे तुमच्या तालुक्यासारखंच. माघातल्या जत्रेला वग करायची जुनी पद्धत. वग म्हणजे राजा, प्रधान, हवालदार, थोडी गाणी आणि पुष्कळ टिंगल. आजवर सगळी कामं पुरुषच करायचे, अगदी बायकांचीसुद्धा. यंदा त्यांचं आपसात वाजलं. राजा व्हायला चौघं तयार. प्रधान व्हायला एकही नाही. आणि प्रजा व्हायचं म्हटल्यावर तर सगळे उठूनच गेले! वग रद्द झाला.

ही बातमी आमच्या महिला संघमच्या, म्हणजे बचत गटाच्या, मीटिंगमध्ये आली, तेव्हा किराणा दुकानवाली पुष्पा म्हणाली, "मंग आपन करू ना! प्रजेचा तर आपल्याले सरावच हाय."

झालं. ठरलं.

* * *

डायरेक्टर म्हणून आम्ही बाबूकाकांना धरलं. तरुणपणी ते वगात सोंगाड्याचं काम करायचे, नंतर जन्मभर बसचे कंडक्टर होते. सोंगाड्या कधीच रिटायर झाला होता, कंडक्टर मात्र नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याजणी स्टेजवर एका कोपऱ्यात गर्दी करून उभ्या राहिलो. काका ओरडले, "पुढे सरका, पुढे सरका! मधात जागा रिकामी हाय! दारात उभं राहू नका!"

एंट्रीला शिट्टी. एक्झिटला दोन शिट्ट्या. कोणी संवाद विसरलं की, "थांबा, थांबा, पॅसेंजर राह्यला!"

त्यांनी मला प्रधान केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुमी सरकारी नोकरीत हा. मान हलवायची सवय हाय."

* * *

आता राजा कोण?

गावाच्या सरपंच शोभाताई. जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा त्या निवडून आल्या. पण पंचायतीत खुर्चीवर बसतात त्यांचे मालक वामनराव. गाव त्यांनाच 'सरपंच साहेब' म्हणतं. आणि निवडून आलेल्या शोभाताईंना काय म्हणतं? 'सरपंचीन बाई'!

आम्ही सगळ्यांनी शोभाताईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. बोलतात कमी, आणि बोलल्या तरी वातीशीच बोलल्यासारख्या.

"शोभाताई, तुमी राजा."

"मी?" त्या घाबरल्या. मग म्हणाल्या, "घरी विचारून सांगते."

बाबूकाकांनी कपाळावर हात मारला. "इतके राजे पाह्यले मी! घरी विचारून गादीवर बसनारा हाच पह्यला!"

दुसऱ्या दिवशी वामनराव स्वतः आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोबाईल. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आमी राजा व्हायले तयार हाओत. डायलॉग माझ्याजवळ द्या."

* * *

तीन-चार दिवस ते रोज तालमीला आले. शोभाताईंनी तोंड उघडायच्या आत संवाद त्यांच्या तोंडून बाहेर पडायचा. मी प्रधान म्हणून विचारायची, "महाराज, राज्याची खबर काय?" आणि खुर्चीतून उत्तर यायचं, "खबर चांगली हाय, पुढचं घ्या."

शेवटी बाबूकाकांनी शिट्टी मारली.

"वामनराव, तुमी बाहेर पारावर बसा."

"काऊन?"

"गाडी चालू असताना पॅसेंजरनं डायवरशी बोलू नाही. असं बसमध्ये लिहून असते."

वामनराव पारावर जाऊन बसले. पण कान आमच्याकडेच.

* * *

शोभाताईंचा आवाज काही निघेना. राजाला हाक मारायची होती, "कोण आहे रे तिकडे!" त्या म्हणायच्या, "कोन हाये हो तिकडं?" अशा सुरात, की जसं कोणी पाहुणाच आलाय आणि त्याला पाणी द्यायचंय.

काकांनी विचारलं, "पोरी, घरी तू आवाज कोनावर चढवते?"

शोभाताईंनी खूप विचार केला. "म्हशीवर."

"मंग हवालदाराले म्हैस समज अन् हाक मार!"

हवालदार होती चंद्रकला. ती म्हणाली, "मी म्हैस होय का?" पण कोणी लक्ष दिलं नाही.

शोभाताईंनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि अशी हाक मारली की छपरावरची कबुतरं उडाली. "कोन हाय रे तिकडं!"

पारावरून वामनराव चपला न घालता धावत आत आले. "काय झालं? काय झालं? कुठं हाय?"

"काय कुठं हाय?"

"साप! मागं घरात साप निघाला होता, तवाच हिचा आवाज असा निघालता!"

आम्ही हसून हसून बसकण मारली. शोभाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच मला विचारलं, "मॅडम, तो माझाच आवाज होता का हो?"

* * *

वगात एक प्रजाजन दरबारात येतो आणि तक्रार करतो. ते काम पुष्पाकडे. तिची तक्रार होती रस्त्याची. "महाराज, तुमच्या राज्यात रस्ता कुठं अन् खड्डा कुठं, ते वळखू येत नाही!"

वामनराव पारावरून उठून आले. "काका, रस्त्याचा विषय काढा. जत्रेत मंडळ ऑफिसचे लोक येते. गैरसमज होते."

काकांनी रस्ता काढला, नाली घातली. वामनराव म्हणाले, "नालीचं काम चालूच हाय." ते चालू आहे हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. नाली काढली, दिवाबत्ती घातली. ते म्हणाले, "त्याची दरख्वास्त वर पाठवली." दिवा काढला, पाणी घातलं. त्यांनी नुसतीच मान हलवली.

"अहो मंग या राज्यात तक्रार कायची ठेवू मी?" काका वैतागले.

वामनरावांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"माकडाची ठेवा! माकडं फॉरेस्टच्या अखत्यारीत येते."

* * *

चंद्रकला भाजीवाली. रात्रंदिवस रानडुकरं हाकलून हाकलून तिचा आवाज असा झालाय की तिला मोबाईल लागत नाही. वगात एक सीन होता. प्रधान आणि हवालदार मिळून कट करतात, राजाला नावापुरतं गादीवर बसवायचं आणि कारभार आपण करायचा. कट म्हणजे कुजबूज आली.

काका म्हणाले, "कानात सांग. हळू."

चंद्रकलानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि कुजबुजली, "प्रधानजी! राजाचा शिक्का आपल्या खिशात ठेवा!"

माझा तो कान दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत होता. ते राहू द्या. पण कुजबूज पार बसस्टॉपपर्यंत गेली. सकाळी चहाच्या टपरीवर एकच चर्चा, शिक्का कोणाच्या खिशात आहे?

मी शाळेत जात होते. वामनरावांनी गाडी आडवी लावली.

"मॅडम, गावात शिक्क्याचं काय बोलून राह्यले लोक?"

"वगातला शिक्का हो, राजाचा."

"असं असं. वगातला!" ते मोकळं हसले. आणि शर्टाचा वरचा खिसा नीट चाचपून, बटण लावून निघून गेले.

* * *

मिशांचा किस्सा तर आमच्या भागात सगळ्यांना माहीत झालाय.

रंगीत तालमीला मिशा आल्या, पण गोंद नाही. पुष्पानं दुकानातून एक ट्यूब आणली. म्हणाली, "गॅरंटीची हाय." ट्यूबवर चपलेचं चित्र होतं, ते कोणी पाहिलं नाही. सगळ्यात आधी मिशी लावली चंद्रकलानं. लावली ती लावलीच! खोबरेल झालं, गरम पाणी झालं, नवऱ्यानं दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मिशी जागची हलेना. नवरा म्हणाला, "राहू दे. घरात एकाले तरी असू दे."

सकाळी वांगी घेऊन आदिलाबादच्या बाजारात जायचंच होतं. पदर दातात धरून ती बसमध्ये बसली. आमच्याकडे बायकांना बस फुकट, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. कंडक्टर आला. कार्ड काढताना दातातला पदर सुटला.

कंडक्टरनं कार्ड पाहिलं. चंद्रकलाकडे पाहिलं. पुन्हा कार्ड पाहिलं.

"अम्मा, फोटो में तो मूँछ नहीं है!"

"आधारवाला फोटू आजपर्यंत कोनाशी जमला हाय का रे, भाऊ?" चंद्रकला म्हणाली. कंडक्टरनं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

आम्हाला वाटलं, ही बाजारातून रडत येणार. आली ती खुशीत, टोपली रिकामी!

"कोनंच घासाघीस केली नाही, बाई! मिशी असली की भाव एकदाच सांगा लागते!"

* * *

आणि मग वगाचा दिवस.

पुरुषांचा वग रात्रभर चालायचा. आमचा दुपारून ठेवला, कारण दिवस मावळला की सगळ्यांना चुलीपाशी जायचं होतं. तरी मैदान भरलं. हसायला आलेलेच जास्त. पहिल्या रांगेत मंडळ ऑफिसचे सार, म्हणजे साहेब, आणि त्यांच्या शेजारी वामनराव.

पडद्यामागे मी शोभाताईंना फेटा बांधत होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी अडकले तर?" मी म्हटलं, "मी आहे ना." आणि गुपचूप माझेच संवाद पुन्हा घोकायला लागले.

पडदा उघडला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल घातलेलं सिंहासन, त्यावर शोभाताई, या वेळी दोऱ्यानं बांधलेली मिशी, फेटा, कमरेला लाकडी तलवार. पहिली हाक मारली आणि हसायला आलेले लोक गप्प झाले. सीन बरे जात होते. मग पुष्पा दरबारात आली, गुडघे टेकले, हात जोडले.

"महाराज! माकडाईनं जीव नकोसा केला! आता तुमीच न्याय द्या!"

आणि पहिल्या रांगेतून वामनराव उठले. आपण कुठे आहोत, काय चाललंय, कशाचंच भान नाही. सवयीनं उठले, सवयीनं हात पुढे केला आणि म्हणाले, "दरख्वास्त देऊन जा, बाई. पाहतो आमी."

मग मागून एक हसला, मग दहा, मग सगळे. वामनराव तसेच उभे, हात पुढे. चेहरा उतरलेला. खाली बसायचं की निघून जायचं, तेही त्यांना सुचेना.

मी शोभाताईंकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता ह्या फेटा काढून घरी जातील.

शोभाताई खुर्चीत मागे रेलल्या.

"प्रधानजी!"

हा संवाद वगात नव्हता. मी कशीबशी म्हणाले, "जी महाराज."

"आमच्या दरबारात आमच्या आधी बोलनारं हे कोन होय?"

अख्खं गाव माझ्याकडे पाहत होतं. मंडळ ऑफिसचे सारसुद्धा. माझी सरकारी नोकरी, वामनरावांचा सगळीकडे वशिला. काय बोलू? तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं.

"महाराज, त्या... राणीसाहेब आहेत!"

मैदानात नुसता दंगा झाला. शिट्ट्या, टाळ्या, कोणी टोप्या उडवल्या. बाबूकाका विंगेत डोकं धरून बसले. शोभाताईंनी हात वर केला, आणि गाव गप्प झालं, खरंच गप्प झालं.

"असं होय?" त्या म्हणाल्या. "मंग राणीसाहेबाईले सांगा, दरबार चालू हाय. घरी जाऊन चहा ठेवा. मी येतोच."

वामनराव रांगेतून बाहेर पडले आणि मान खाली घालून निघून गेले.

पुढचा वग कसा झाला, ते मला आठवत नाही. टाळ्या पडल्या, सारांनी भाषण केलं. पडद्यामागे मात्र सगळ्या शोभाताईंकडे पाहत होत्या. पुष्पानं नुसतंच विचारलं, "आता गं?" शोभाताई खुर्चीवर बसून होत्या. मिशीही काढली नव्हती.

तेवढ्यात मागचा पडदा बाजूला झाला. वामनराव! एका हातात मोठी किटली, दुसऱ्या हातात कपांची चळत. त्यांनी आधी बाबूकाकांना चहा दिला, मग मला, चंद्रकलाला, पुष्पाला. सगळ्यांत शेवटी शोभाताईंसमोर कप धरला आणि तसेच उभे राहिले.

शोभाताईंनी मिशी वर उचलून धरली. एक घोट घेतला.

"अद्रक कमी हाय," त्या म्हणाल्या.