ओल्या रंगाची पाटी

भिंती रंगवण्यात त्या रंगाऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण अक्षरांशी त्याचं जन्माचं वाकडं. पन्नाशी उलटल्यावर लेकीने त्याच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला. फोन भिंतीसमोर धरला की पडद्यावर त्याच भिंतीवर अक्षरं येऊन बसत, आणि मोठ्याने बरोबर ओळखली की टाळ्या वाजत. पहिल्याच दिवशी ताज्या रंगावर ‘क’ बसलेला पाहून तो खेकसला, “ऊठ तिथून! रंग ओला आहे!” लेक हसून हसून बेजार झाली.

पण गडी इरेला पेटला. जेवताना ताटावर, दाढी करताना आरशावर अक्षरं पकडू लागला.

एक दिवस खेळाने फर्मावलं, आता जवळपासची एखादी खरी पाटी वाचा. रंगाऱ्याने ऐटीत स्वतःच्याच पाटीवर फोन धरला. कुठल्याशा बंगल्याच्या भंगारातून उचललेली ती पाटी ‘रंग ओला आहे’ असं सांगते, या समजुतीने तो ती वर्षानुवर्षं कामाच्या जागी टांगत आला होता. आणि खरोखरच, त्याच्या भिंतीला कधी कुणी बोट लावलं नव्हतं!

‘त्र्या’शी बरीच झटापट करून त्याने वाचलं, “कुत्र्यापासून सावध राहा.”

तो मटकन खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

“आता तरी बदला ती,” बायको म्हणाली.

“इतकी गुणाची पाटी? हट्!” त्याने ब्रश उचलला आणि खाली आयुष्यातली पहिली ओळ लिहिली: ‘आणि रंगापासूनही.’