हळद्या नानांचा कॅमेरा

ज्याला स्क्रू आहे त्याच्यात जीव आहे, असं नानांचं ठाम मत होतं. नाना म्हणजे माझे सासरे, मोहने गावातल्या कारखान्यात फिटर. दसऱ्याला ते घरातली झाडून सगळी यंत्रं पाटावर मांडायचे: पाना, पक्कड, इस्त्री, मिक्सर. एका वर्षी तर सासूबाईंची कवळीसुद्धा मांडली.

"हिला कुठाय स्क्रू?" सासूबाई करवादल्या.

"काम तर यंत्राचंच करते ना?" म्हणत नाना दोन बोटं हळद लावून मोकळे. अख्खी कॉलनी त्यांना हळद्या नाना म्हणायची.

मी ठाण्याची, टेंभी नाक्याची. या मंडळींना सुधारण्यासाठीच आपलं लग्न झालंय, अशी माझी समजूत. उठता-बसता 'आमच्या ठाण्यात' सुरू. एकदा नानांनी शांतपणे विचारलं, "सूनबाई, तुमच्या ठाण्यात सूर्य कुठून उगवतो?" आणि मी बावळट ऐटीत म्हणाले, "खाडीवरून!"

धाकट्या भाऊजींनी मस्कतहून रोलचा कॅमेरा आणला. चंदेरी, मुठीत मावेल एवढा. पहिल्याच दसऱ्याला नानांनी त्याच्या कपाळावर, बरोबर कंपनीच्या नावावर, हळद टेकवली. पिवळाधमक डाग! मला तर दिवाळीला माहेरी मिरवायला तोच न्यायचा होता.

"उन्हात ठेव. हळद उन्हात टिकत नाही," नाना म्हणाले.

फिटरला काय कळतंय! मी नेलपॉलिश रिमूव्हरने खसाखसा घासलं. डाग गेला, कंपनीचं नावही गेलं आणि तिथलं प्लॅस्टिक सादळलेल्या पापडासारखं झालं.

भाऊजी भडकले. नाना पेपरातून मान न काढता म्हणाले, "मी पुसलं." मी ठरवलं, संध्याकाळी खरं सांगायचं. ती संध्याकाळ काही उगवली नाही. पुढे घरात काहीही बिघडलं की 'नानांनी पुसलं' ही म्हणच पडली. नाना गेले, त्यांच्या तेराव्यालाही कुणीतरी ती म्हटली. सगळे रडता रडता हसले. मी जरा जास्तच मोठ्याने हसले.

परवा माझ्या नातीनं, सईनं, फोनवर तसल्याच कॅमेऱ्याची किंमत दाखवली आणि माझा चहा गार झाला. जुने कॅमेरे जमवणारा डोंबिवलीचा एक तरुण बघायला आला. शटर दाबून खूश झाला. मग कपाळ बघून हळहळला, "आजी, हे कुणी केलं? एवढं शाबूत असतं तर तुम्ही म्हणाल ती किंमत दिली असती."

"पणजोबांनी," सई म्हणाली. "हळदीचा डाग काढायला गेले."

"हळद? ती तर उन्हानं उडते!"

"पणजोबा पण ना!" सई खिदळली.

मला राहवलं नाही. "त्यांना ठाऊक होतं गं. मी पुसलं. टेंभी नाक्याच्या दीडशहाणीनं."

सईनं लगेच घरच्या ग्रुपवर दवंडी पिटली. पाच मिनिटांत भाऊजींचा फोन. "वहिनी, आम्हाला तेव्हाच कळलेलं. घरभर रिमूव्हरचा वास! नाना काय नखं रंगवायचे?"

"मग बोलला का नाहीत?"

"नानांनी दम दिलेला. म्हणाले, ती आपणहून सांगेल, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही."

कॅमेरा मी विकला नाही. यंदा दसऱ्याला तो पाटावर ठेवला आणि त्याच्या कपाळावर दोन बोटं हळद लावली.

शेजारी माझी कवळी ठेवली.