पाच गोल
आमच्या नवजात विभागातल्या सिस्टरला सगळे टाचणी म्हणतात. बाळांच्या टाचा टोचायचं काम तिचं, आणि जीभही तशीच. मी दारावरचा रखवालदार. त्या दिवशी दार सोडून चहाला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो; सुरुवातीचं सगळं मागाहून कळलेलं.

मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेली, जेमतेम किलोभर. बाप वेल्डर. तिसऱ्या दिवशीची थायरॉइडची तपासणी चांगली आली होती. तरी चौदाव्या दिवशी टाचणी पुन्हा सुई घेऊन हजर.

"एकदा चांगलं आलं ना? मग कशाला छळता पोरीला?" बाप म्हणाला.

"अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पहिली तपासणी फसवते, दादा. दोष असला तरी उशिरा दिसतो. तोवर मेंदूचं वाटोळं होतं."

असंच एक बाळ तिने पूर्वी पहिल्या रिपोर्टवर घरी जाऊ दिलं होतं. ते आता पाच वर्षांचं आहे आणि आईलाही हाक मारत नाही.

तिने टाच टोचली. तपासणीला पाठवायच्या कागदी कार्डावरच्या पाच गोलांत रक्ताचा एकेक थेंब टिपू लागली. पोरगी किंचाळली आणि बापाचं डोकं फिरलं. त्याने सलाईनचा स्टँड उचलून टाचणीच्या तोंडावर हाणला. बायको मध्ये पडली, तिला भिंतीवर भिरकावलं. टाचणी कोसळली तर पोटात लाथ घातली. आरडाओरडा ऐकून मी धावलो, हात पिरगाळून त्याला खाली दाबला आणि, खोटं कशाला बोलू, गरजेपेक्षा चार गुद्दे जास्तच घातले.

टाचणी उठली. तिचे दोन दात फरशीवर पडले होते. कार्डाचे पाचही गोल भरलेले.

"यात माझं रक्त सांडलंय," म्हणत तिने कार्ड टराटरा फाडलं. हात धुतले, तोंडात बोळा कोंबला, नवे हातमोजे चढवले.

"ताई, मरू दे ना ती तपासणी," मी म्हणालो.

"पोरीने कुठे मारलंय मला?"

बाप माझ्या गुडघ्याखाली असतानाच तिने दुसरी टाच टोचली.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. त्याच दिवशी औषध सुरू झालं.

जामिनावर सुटलेला बाप आला, तो मी दारातच अडवला. टाचणी बाहेर आली, तोंड अजून सुजलेलं.

"सिस्टर, ते पहिलं कार्ड न फाडता तसंच पाठवलं असतं तर?" बापाने विचारलं.

"तर पोरीच्या नावावर माझा रिपोर्ट आला असता," ती बोबडं बोलली. "मी ठणठणीत आहे."

तो मटकन खाली बसला. मी त्याला उठवलं नाही.